ज्वारीचा वैरी आणि कपाशीचें मूळ

घाटकोपर-मुलुंडच्या बाजारांत ज्वारी पारखून घेणाऱ्या गृहिणीस दाण्याचा रंग आणि टपोरेपणा दिसतो. त्या दाण्यामागें एक जुनें भांडण आहे, तें तिला दिसत नाहीं. आणि खरें म्हणजे तें शेतकऱ्यासही पुरतें दिसत नसे, कारण तें जमिनीखालीं चालतें. आज त्या भांडणाचा इतिहास सांगावयाचा आहे.

ज्वारीच्या शेतांत टारफुला नांवाचें एक तण उगवतें. वीतभर उंची, बारीक पांढरीं फुलें; दिसण्यांत अगदीं गरीब. पण तें आपलीं मुळें ज्वारीच्या मुळांत घुसवून तिचें अन्नपाणी ओढून घेतें. टारफुल्यानें जमिनीबाहेर डोकें काढण्यापूर्वींच ज्वारी खुरटूं लागलेली असते. म्हणजे खुरपें हातीं घ्यावें तों चोरी होऊन गेलेली! एका झाडापासून हजारों बिया होतात, धुळीसारख्या बारीक, आणि त्या दहा-दहा वर्षें मातींत निजून राहतात. नुसत्या पावसानें त्या जाग्या होत नाहींत. जवळून एखाद्या पिकाचें मूळ जात असेल आणि त्यांतून एक विशिष्ट द्रव्य पाझरत असेल, तरच त्या रुजतात.

हें द्रव्य कोणतें, याचा शोध परदेशांत लागला. १९५६ मध्यें अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण कॅरोलिना राज्यांत मक्याच्या शेतांत टारफुला आढळला आणि तेथील शेतकी खातें त्याच्या मागें लागलें. १९६६ सालीं तें द्रव्य शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. त्याला स्ट्रिगॉल असें नांव मिळालें. गंमत अशी कीं, तें मिळालें तें ज्वारीच्या वा मक्याच्या मुळांतून नव्हे, तर कपाशीच्या मुळांतून. आणि कपाशीवर तर टारफुला जगूंच शकत नाहीं! तिच्या मुळांची चाहूल लागून बी रुजतें, कोंब काढतें, आणि पोसणारें मूळ न मिळाल्यामुळें थोड्याच दिवसांत मरतें. बोलावणें आलें, पण पान मांडलेलेंच नाहीं.

येथें वऱ्हाड-खानदेशची शेती आठवल्यावांचून राहत नाहीं. काळ्या जमिनींत एका वर्षीं कपाशी आणि दुसऱ्या वर्षीं ज्वारी, ही तिकडील जुनी वहिवाट. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत कापसाला सोन्याचा भाव आला, तो पैसा मुंबईंत लोटला, शेअरबाजार फुगला आणि फुटला, हें आपण शाळेंत शिकलों. कपाशीच्या रानांत पुढल्या वर्षीं ज्वारी पेरली जाई, तेव्हां आदल्या वर्षाच्या कपाशीनें टारफुल्याचें कांहीं बी फसवून संपविलेलें असे, हें तेव्हां कोणास ठाऊक असणार? आपल्या पूर्वजांना सगळेंच ठाऊक होतें असें म्हणण्याची हल्लीं आवड दिसते. मला तें पटत नाहीं. कपाशी पैशासाठीं, ज्वारी पोटासाठीं आणि कडब्यासाठीं. फेरपालटीचा गुण अनुभवानें कळला होता. त्याचें हें कारण कळलें नव्हतें.

मग ज्वारी स्वतःच्या वैऱ्यास हाक कां मारते? २००५ सालीं जपानी संशोधकांनीं दाखविलें कीं, ही हाक मुळीं टारफुल्यासाठीं नव्हेच. मुळांत राहून जमिनींतलें स्फुरद पिकाला आणून देणारी एक उपकारक बुरशी असते. तिला हें बोलावणें आहे. स्फुरद कमी पडलें कीं मुळें हें द्रव्य अधिक सोडतात, आणि टारफुला तें चोरून ऐकतो. हलक्या, खत न मिळालेल्या रानांत त्याचा जोर अधिक कां, याचा बराचसा उलगडा यांत होतो.

ज्वारी निव्वळ भोळी आहे असें मात्र नाहीं. तिच्या कोवळ्या पानांतलें धुरिन नांवाचें द्रव्य डन्स्टन व हेन्री या इंग्रज रसायनज्ञांनीं १९०२ मध्यें ओळखलें. पान चावलें कीं त्यांतून प्रुसिक आम्लाचें जहाल विष मोकळें होतें. पावसानें ओढ दिल्यावर खुरटलेल्या ज्वारींत गुरें शिरूं देऊं नयेत, हें खेड्यांतलें पोरही जाणतें. तीच ज्वारी पिकून, वाळून कडबा झाली कीं गुरें निर्धास्त खातात. ज्वारींत तुरीच्या ओळी घातल्या तर तुरीवरील मर रोग कमी होतो, हेंही हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या प्रयोगांत दिसून आलें.

१९६४ सालीं सी.एस.एच.-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. धान्यटंचाईच्या त्या वर्षांत तिचें मोल कमी लेखणें कृतघ्नपणाचें होईल. पण टारफुल्यापुढें ती इतकी दुबळी ठरली कीं, पुढें शास्त्रज्ञ टारफुल्याच्या प्रयोगांत तुलनेसाठीं मुद्दाम तीच पेरूं लागले. उलट ज्वारीच्या कांहीं वाणांवर टारफुला फारसा येतच नाहीं. २०१७ मध्यें, २००९ चें जागतिक अन्न पारितोषिक मिळविणारे इथिओपियाचे गेबिसा एजेटा व त्यांचे सहकारी यांनीं त्याचें कारण उजेडांत आणलें. एका जनुकाच्या अभावीं या वाणांच्या मुळांतील द्रव्याच्या एका भागाची ठेवण उलटी होते, डाव्या पायाचा जोडा उजव्या पायाला यावा तशी. आणि टारफुल्याचें बी त्या हाकेला क्वचितच जागें होतें.

विदर्भ-मराठवाड्यांत आतां खरीप ज्वारीची बरीच जागा सोयाबीननें घेतली आहे. टारफुला मात्र ज्वारीवरच अडून बसलेला नाहीं. दक्षिण महाराष्ट्र आणि बेळगावकडे तो उसांत शिरला आहे. आणि तेथें खोडवा राखून त्याच जमिनींत वर्षानुवर्षें ऊस उभा असतो, मध्यें कपाशीचें वर्ष येत नाहीं.