परभणी स्थानकावरील दोन गाड्या

१/८
निजामी राजवटीत परभणी जिल्ह्यातील मुलाला ‘परमुलखात’ शिकायला पाठवायचे, तर समुद्र ओलांडावा लागत नसे. पैनगंगेपलीकडे इंग्रजी कारभाराखालचे वऱ्हाड होते आणि पश्चिमेला मुंबई इलाखा. भाषा मराठीच, राज्य मात्र निराळे.

२/८
१९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातील रेल्वे परभणीवरून धावू लागली. एक गाडी हैदराबादला जाई, दुसरी मनमाडला. मुलाला कोणत्या गाडीत बसवायचे, यावर त्याचे पुढील आयुष्य बरेचसे ठरत असे.

३/८
मुळाशी प्रश्न भाषेचा होता. १८८४ च्या सुमारास संस्थानच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. प्राथमिक शाळेत मराठी चाले. वरच्या वर्गांत मात्र उर्दू किंवा इंग्रजी. अर्थात, १९०१ मध्ये संस्थानातील साक्षरता सुमारे ३ टक्केच होती. त्यामुळे ही निवड मोजक्या घरांपुरती, आणि तिथेही बहुधा मुलग्यांपुरतीच होती.

४/८
हैदराबादच्या वाटेने सरकारी नोकरी जवळ येई. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने इंग्रजीऐवजी उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचे धाडस केले. पण मराठी, तेलुगू वा कन्नड मुलासाठी तीही घरची भाषा नव्हती. सातोन्यात १९१३ साली जन्मलेले कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ शिक्षणासाठी हैदराबादलाच गेले आणि पुढे परभणीत सरकारी कारकून झाले.

५/८
मनमाडच्या वाटेने मराठी शाळा, वृत्तपत्रे आणि राष्ट्रीय चळवळीचे वारे भेटत. पण खर्च वाढे. घरी हाली सिक्का, तिकडे कलदार रुपया. १०० कलदारांसाठी सुमारे ११६ हाली मोजावे लागत. शिवाय उर्दू न शिकता परतलेल्या तरुणाला स्वतःच्याच जिल्ह्यातील कचेरीत परक्यासारखे उभे राहावे लागे.

६/८
तिसरी वाट म्हणजे गावातच खासगी शाळा काढणे. त्यावरही सरकारी परवानगीचा अंकुश होता. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. मातृभाषेतून शिक्षण ही या चळवळीची एक प्रमुख मागणी राहिली.

७/८
१९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियातील अनेक विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले. नोकरीच्या आशेने हैदराबादची गाडी पकडणाऱ्यांपैकी कित्येकांना अखेर सीमा ओलांडावीच लागली.

८/८
१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली आणि हळूहळू कचेरीची भाषाही बदलली. काल उर्दू शिकवणारा बाप दूरदर्शी ठरला होता, आज मराठी शिकवणारा ठरला. दोघांनीही निर्णय घेतला तो मूल लहान असताना, पुढचे काहीच दिसत नसताना. त्यांच्यापैकी कोणालाही चुकीचा म्हणण्याआधी एवढे ध्यानी ठेवावे.