डॉट-स्लॅशची कुळकथा

पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी जिते सोडते आणि पेणच्या अलीकडे हमरापूरला थांबते. भोवती जोहे, कळवे, तांबडशेत ही गावं आणि जिकडेतिकडे गणपतीचे कारखाने. हे हमरापूर सगळ्यांच्या ओळखीचं. पण वाडा तालुक्यातही एक हमरापूर आहे. दोघांपैकी कुणीच नाव बदलायचं कारण नाही. पत्त्यात तालुका आला, पिनकोड आला की प्रश्न मिटतो: पेणचा 402107, वाड्याचा 421303. ही सोय 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. ती उभी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर रत्नागिरी जिल्ह्यातले, संस्कृतचे कवी आणि केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी.

संगणकात हाच पेच त्याच सुमाराला उभा राहत होता. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969 मध्ये युनिक्सची सुरुवात केली. तिथे आज्ञा म्हणजे बहुतेक वेळा एक फाइल. आपण नाव टाइप करायचं आणि ‘शेल’ नावाच्या प्रोग्रॅमने ती फाइल शोधून चालवायची. थॉम्प्सनने 1971 च्या आवृत्तीसाठी लिहिलेला शेल आधी आपण बसलो आहोत त्याच डिरेक्टरीत बघायचा आणि तिथे नाही मिळालं तर ‘बिन’ या सामायिक डिरेक्टरीत. म्हणजे घरचा आधी, सरकारी नंतर. मोजकी माणसं, सगळी एकमेकांच्या ओळखीची. त्यांना हे पुरेसं होतं.

पण काही आज्ञा फाइल म्हणून राहूच शकत नव्हत्या. रिचीने 1979 च्या एका निबंधात त्याची फार सुंदर हकिगत सांगितली आहे. प्रत्येक आज्ञेसाठी शेलने स्वतःची एक प्रत काढावी, आज्ञा त्या प्रतीत चालावी आणि काम संपलं की प्रतही संपावी, अशी नवी रचना त्यांनी केली. ती लागू झाल्यावर डिरेक्टरी बदलायची आज्ञा एकाएकी चालेना. कारण उघड होतं. डिरेक्टरी बदलायची ती प्रतीची. प्रत गेली की मूळ शेल होता तिथेच. मग ही आज्ञा शेलच्या पोटातच घालावी लागली. आज ‘सीडी’ लिहिताना शेल कुठलीही फाइल शोधायला जात नाही, तो यामुळेच. पोटात बसलेल्या अशा आज्ञांना बिल्टइन म्हणतात.

स्टीफन बोर्नचा शेल 1979 मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. कुठल्या डिरेक्टऱ्यांत, कोणत्या क्रमाने शोधायचं याची ‘पाथ’ नावाची यादी त्यात वापरणाऱ्याच्या हाती आली. न सांगता मिळणाऱ्या यादीत पहिली जागा अजून चालू डिरेक्टरीचीच होती. त्याच आवृत्तीत ‘टेस्ट’ ही अट तपासणारी आज्ञा आली. ती आधी साधी फाइल होती. पण स्क्रिप्टमध्ये ती पावलोपावली लागते आणि दरवेळी नवी प्रत काढणं महाग पडतं, म्हणून पुढे तीही शेलच्या पोटात गेली.

इथूनच शिकणाऱ्यांचा छळ सुरू झाला. पहिलावहिला प्रोग्रॅम लिहिणारा त्याला ‘टेस्ट’ हेच नाव देतो. दुसरं काय देणार? तो नाव टाइप करतो आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. शेल बिल्टइन आधी पाहतो, पाथ नंतर. त्यामुळे स्वतःची फाइल यादीच्या अगदी डोक्यावर ठेवली तरी तिची पाळी येत नाही. खरी ‘टेस्ट’ मात्र इमानदारीत चाललेली असते: पुढे काही दिलं नाही म्हणून ‘अट खोटी’ असं उत्तर देऊन ती गप्प बसते. मुलगा बिचारा आपल्या प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतो. हा त्याचा दोष नाही. नाव आधीच दुसऱ्याने घेतलंय, हे त्याला सांगणारं तिथे कुणी नसतं.

उलटा धोका याहून मोठा. आपल्या स्क्रिप्टचं नाव ‘सॉर्ट’ ठेवलं आणि ती पाथमध्ये पुढे बसवली, तर मूळ ‘सॉर्ट’वर विसंबून लिहिलेल्या दुसऱ्यांच्या स्क्रिप्टही आपलीच चालवू लागतात. आणि हे कुणी मुद्दाम केलं तर? एफ. टी. ग्रॅम्प आणि रॉबर्ट मॉरिस यांनी 1984 मध्ये युनिक्सच्या सुरक्षेवर लिहिलेल्या लेखात या दुखण्यावर बोट ठेवलं. सामायिक डिरेक्टरीत कुणी ‘एलएस’ नावाची खोटी फाइल ठेवली आणि व्यवस्थापकाने तिथे जाऊन सहज यादी मागितली, की ती फाइल त्याच्या सगळ्या अधिकारांनिशी चालते. हळूहळू चालू डिरेक्टरी पाथमधून काढून टाकण्याची शिस्त रुजली. आपल्याजवळची फाइल चालवायला तिच्या नावाआधी टिंब आणि तिरपी रेघ, म्हणजे ‘डॉट-स्लॅश’, लिहावं लागतं, त्याचं मूळ हे. टिंब म्हणजे ‘इथली’. नावात तिरपी रेघ दिसली की शेल बिल्टइनही पाहत नाही आणि पाथही. थेट त्या पत्त्यावर जातो.

शोधण्याचा क्रम 1992 च्या पॉझिक्स प्रमाणात लेखी आला. ‘एक्झिट’, ‘सेट’ यांसारखी काही नावं विशेष ठरली. प्रमाणाप्रमाणे चालणाऱ्या शेलमध्ये त्या नावांचं स्वतःचं फंक्शनही करता येत नाही.

तरी भांडणं व्हायचीच. डेबियन लिनक्समध्ये हॅम रेडिओवाल्यांचा ‘नोड’ नावाचा जुना प्रोग्रॅम होता आणि नोडजेएसलाही तेच नाव हवं होतं. डेबियनचा नियम मला फार न्याय्य वाटतो: एकमत झालं नाही तर दोघांनीही नाव बदलायचं. प्रकरण 2012 मध्ये तांत्रिक समितीपर्यंत गेलं. रेडिओचा प्रोग्रॅम ‘एएक्स25-नोड’ झाला आणि नोडजेएसलाही तिथे बरीच वर्षं पूर्ण नावानेच वावरावं लागलं.

आपल्या स्क्रिप्ट घरच्या ‘बिन’ डिरेक्टरीत ठेवाव्यात आणि ती पाथच्या शेवटी जोडावी, असं माझं मत. नाव पक्कं करण्याआधी ‘टाइप’ या आज्ञेपुढे ते लिहून पाहिलं की आधीचा कुणी मालक आहे का ते कळतं. काहीजण आपल्या प्रत्येक स्क्रिप्टच्या नावाआधी स्वल्पविराम लावतात. सिस्टिमची कुठलीच आज्ञा तशी सुरू होत नाही.

मराठी माणसाला आणखी एक वाट मोकळी आहे. युनिक्समध्ये फाइलच्या नावात तिरपी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. थॉम्प्सननेच रॉब पाइकबरोबर 1992 मध्ये यूटीएफ-8 ही पद्धत रचली, तिच्यामुळे देवनागरी नावंही तिथे सुखाने नांदतात. सिस्टिमच्या आज्ञा रोमन अक्षरांत, त्यामुळे कारखान्याच्या वहीसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टला सरळ ‘हिशेब’ म्हटलं तर तिची कुणाशी टक्कर व्हायची नाही. कळफलक मराठीवर न्यावा लागतो, एवढाच त्रास. आणि लेखन मात्र एकच ठरवून ठेवावं, कारण ‘हिशेब’ आणि ‘हिशोब’ या शेलच्या लेखी दोन वेगळ्या आज्ञा आहेत.