वऱ्हाडातील दंतारोग्य व दंतोपचार

दात, हिरड्या व मुखाचे इतर भाग यांचे रोग, त्यांवरील उपचार आणि त्यांचा प्रतिबंध यांचा विचार करणाऱ्या वैद्यकाच्या शाखेस दंतवैद्यक म्हणतात. अमरावती, अकोला आदी जिल्ह्यांच्या वऱ्हाड प्रदेशात या शाखेचा प्रसार उशिरा झाला. अमरावतीजवळ पेढी नदीकाठी असलेल्या वलगावसारख्या गावांत दातदुखीवरील उपाय दीर्घकाळ घरगुतीच होते. दुखणारा दात अखेर काढून टाकणे हाच उपचार समजला जाई. दात काढण्यापासून दात राखण्याकडे झालेली वाटचाल हा या इतिहासाचा मुख्य आशय होय.

प्राचीन परंपरा : सुश्रुतसंहितेत ६५ मुखरोग सांगितले असून त्यांपैकी ८ दातांचे व १५ दंतमुळांचे आहेत. कृमिदंत, दंतहर्ष व दंतशर्करा ही नावे अनुक्रमे किडलेला दात, दात आंबणे व दातांवर साचणारे कठीण किटण यांना जुळतात. किटण खरवडण्यासाठी दंतशंकू हे शस्त्र सांगितले आहे. दंतधावनासाठी बारा अंगुळे लांब व करंगळीएवढी जाड काडी घ्यावी, असा निर्देश असून कडू वृक्षांत निंब व तुरट वृक्षांत खैर श्रेष्ठ मानला आहे. कडुनिंब व बाभूळ यांच्या काड्यांचा वापर खेड्यांत अलीकडेपर्यंत होता, तो याच परंपरेतला. त्याबरोबर राखुंडी व मिसरीही वापरीत. राखुंडीच्या खरखरीतपणामुळे दात झिजतात. मिसरी ही भाजलेली तंबाखूच असल्याने तिचे व्यसन जडते.

दातात प्रत्यक्ष किडा असतो, ही समजूत जगभर होती. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन तो पाडण्याचा उपाय महाराष्ट्रात रूढ होता. ‘दात किडणे’ हा शब्दप्रयोग त्या समजुतीची आठवण देतो.

आधुनिक दंतवैद्यक : फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार यांच्या १७२८ मधील ग्रंथाने या शाखेस शास्त्रीय बैठक मिळाली. मुखातील जंतू पिष्टमय व शर्करायुक्त अन्नकणांपासून अम्ल तयार करतात आणि त्याने दाताचे कठीण द्रव्य विरघळते, हे डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० मध्ये मांडले. १८४४–४६ च्या सुमारास नायट्रस ऑक्साइड व ईथर यांचा आणि पुढे १९०५ मध्ये प्रोकेन या स्थानिक बधिरकाचा वापर सुरू झाल्याने उपचार वेदनारहित होऊ लागले.

भारतातील पहिले दंत महाविद्यालय १९२० मध्ये कलकत्त्यास रफीउद्दीन अहमद यांनी काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये स्थापन झाले. दंतवैद्यांच्या नोंदणीसाठी १९४८ मध्ये कायदा झाला व १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली. विदर्भात नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्ये सुरू झाले. त्यामुळे वऱ्हाडातील विद्यार्थी व रुग्ण या दोघांनाही मुंबईपेक्षा जवळची सोय झाली. पुढे अमरावतीतही विदर्भ यूथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय निघाले.

सामान्य विकार व उपचार : दंतक्षयात प्रथम बाहेरील कवच (दंतवल्क) व नंतर त्याखालील दंतिन पोखरले जाते. या अवस्थेत किडलेला भाग कोरून पोकळी भरता येते. कीड आतल्या मगजापर्यंत पोहोचली की ठणका लागतो. अशा वेळी मुळातील नलिका स्वच्छ करून भरतात व दातावर टोपी बसवितात. वेदना तात्पुरती थांबली म्हणजे रोग बरा झाला असे नव्हे. मगज मृत झाल्यानेही ती थांबते आणि पुढे मुळाशी गळू होते. लवंगेच्या तेलाने ठणका कमी होतो, कीड मात्र थांबत नाही.

हिरड्यांच्या विकारात घासताना रक्त येणे हे पहिले लक्षण असते. किटण काढल्याने दात हलू लागतात, हा समज चुकीचा आहे. हिरडी व हाड यांचा आधार आधीच गेलेला असतो. किटण निघाल्यावर ते केवळ जाणवते.

यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लुओराइडचे प्रमाण अधिक आढळते. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लुओराइड असलेले पाणी दात तयार होण्याच्या वयात सतत पिण्यात आल्यास दातांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा प्रश्न मुख्यत्वे क्षारांचा आहे. पाण्यातील फ्लुओराइड चवीवरून ओळखता येत नाही. त्यासाठी पाण्याची तपासणीच करावी लागते.

तंबाखू व सुपारी : सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा विदर्भात सर्रास खाल्ला जातो. मुंबईचे एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये टाळू व घशाच्या कमानींतील तंतुमयतेचे वर्णन केले. या विकारात प्रथम तिखटाने तोंडाची आग होते, मग आतील त्वचा पांढुरकी व ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. काही रुग्णांत पुढे कर्करोग उद्भवतो. व्यायाम, औषधे व शस्त्रक्रिया यांनी आराम पडतो, परंतु ऊतके पूर्ववत होत नाहीत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीही कर्कजनक ठरविली. म्हणजे तंबाखू वगळलेली सुपारीदेखील निर्धोक नाही. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली.

प्रतिबंध : दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री निजण्यापूर्वी, फ्लुओराइडयुक्त पेस्टने दात घासणे, दोन जेवणांच्या मध्ये गोड न खाणे, मुलांच्या दाढांच्या खाचा वेळीच बुजविणे व नियमित तपासणी हे मुख्य उपाय होत. स्वच्छता व निर्व्यसनीपणा यांचा कीर्तनांतून आयुष्यभर प्रसार करणारे गाडगे महाराज २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळच निवर्तले. दंतवैद्यकाच्या दृष्टीनेही त्यांची ही शिकवण मोलाची आहे. पडलेल्या दाताच्या जागी कृत्रिम दात बसविता येतो, पण ताठरलेले तोंड पूर्वीसारखे करता येत नाही.