स्वयंचलित गवतकापणी यंत्र मंदावले तर...

माजिवड्यापासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा असे करीत पुढे जाणाऱ्या घोडबंदर रोडच्या दुतर्फा गेल्या काही दशकांत मोठमोठी गृहसंकुले उभी राहिली. एका अंगाला येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी लाभलेल्या या पट्ट्यात बहुतेक संकुलांनी आपापली हिरवळ राखली आहे. कुठे ती जमिनीवर असते, तर कुठे वाहनतळाच्या छतावर मातीचा थर पसरून तयार केलेली असते. जून ते सप्टेंबर या काळात हे गवत इतक्या वेगाने वाढते, की आठवड्याला एक कापणी हवीच. नेमक्या याच दिवसांत ‘मशीन पुढे सरकत नाही’ अशी माळ्याची तक्रार व्यवस्थापन समितीपुढे येते.

गवत कापण्याचे यंत्र ही कल्पना एडविन बडिंग या इंग्रज कारागिराची. कापडावरील लव समान कापणाऱ्या यंत्रावरून त्याने ते सुचवले आणि १८३०मध्ये त्याचे पेटंट घेतले. ते यंत्र माणसाने ढकलायचे होते. आजच्या स्वयंचलित यंत्रात इंजिन पाते तर फिरवतेच, शिवाय चाकांनाही गती देते. माळ्याने फक्त दिशा द्यायची. चाकांची गती हरपली, की तेच यंत्र लोढणे होते. तीस किलो किंवा त्याहून अधिक वजनाचे धूड ओल्या मातीतून तासन्‌तास ढकलण्याचा भार माळ्याच्या खांद्यांवर आणि कमरेवर पडतो. म्हणून ही तक्रार कामचुकारपणाची सबब समजून बाजूला सारू नये.

दोष इंजिनाचा की चाकांचा?

प्रथम इंजिनाच्या आवाजाकडे लक्ष द्यावे. गवतात शिरताच आवाज खोल जात असेल, तर इंजिनावर ताण येतो आहे. आवाज एकसारखा राहूनही यंत्र रेंगाळत असेल, तर दोष चाकांपर्यंत गती पोहोचवणाऱ्या रचनेत आहे. एवढी एक गोष्ट ठरली, तरी निम्मी शोधाशोध वाचते.

इंजिनाच्या बाबतीत तीन कारणे नेहमीची. पहिले, धूळ आणि गवताच्या भुशाने तुंबलेला एअर फिल्टर. दुसरे, शिळे पेट्रोल. उन्हाळ्यात यंत्र क्वचितच बाहेर निघते आणि टाकीत महिनोन्‌महिने राहिलेले इंधन कार्बोरेटरमध्ये चिकट थर सोडते. २०२३पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने विक्रीस आले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. खाडीकाठच्या दमट हवेत ही बाब विसरून चालणार नाही. लागेल तेवढेच पेट्रोल आणावे आणि हंगामाअखेर टाकी रिकामी करावी. तिसरे कारण बोथट पाते. ते गवत कापण्याऐवजी ओरबाडते आणि इंजिनाची शक्ती त्यातच खर्ची पडते.

केबल, पट्टा आणि दाते

चाकांची रचना फार गुंतागुंतीची नसते. हँडलवरील लिव्हर ओढला, की केबल ताणली जाते, पट्टा पुलीवर घट्ट बसतो, तो गिअरबॉक्स फिरवतो आणि गिअरबॉक्स चाकांना. यातील प्रत्येक दुवा काळानुसार सैल होतो अथवा झिजतो.

एक सोपी चाचणी करता येते. इंजिन बंद ठेवून यंत्र सपाट, कोरड्या जागी न्यावे. लिव्हर दाबून यंत्र मागे ओढून पाहावे. बहुतेक यंत्रांत गतीची चाके अडली पाहिजेत. ती सहज फिरत असतील, तर आधी केबल पाहावी. तिच्यावरील समायोजनाचा स्क्रू एक-दोन फेरे फिरवून पुन्हा चाचणी घ्यावी. मात्र केबल अति ताणू नये. तसे केल्यास लिव्हर सोडल्यावरही यंत्र चालतच राहते आणि ते धोक्याचे ठरते.

केबल ठीक असेल, तर पट्टा तपासावा. त्याच्या कडा गुळगुळीत होऊन चकाकत असतील किंवा त्याला चिरा गेल्या असतील, तर तो बदलणेच योग्य. पट्टा त्याच मॉडेलचा, त्याच मापाचा घ्यावा. पट्टाही चांगला असेल, तर चाक काढून आतील दाते पाहावेत. माती आणि गवत अडकल्याने ते झिजतात. दोन्ही चाकांचे दाते एकदमच बदलावेत, नाहीतर यंत्र एका बाजूला ओढू लागते. गिअरबॉक्सची दुरुस्ती मात्र कारागिरावर सोपवावी.

ओल्या गवताचा प्रश्न

पुष्कळदा यंत्रात काहीच बिघाड नसतो. ओले गवत पात्यावरील आवरणाच्या आतल्या बाजूस लगद्यासारखे चिकटते. टायर गुळगुळीत झालेले असतील, तर चिखलात घसरतात. पुढच्या चाकांना गती असलेल्या यंत्रात मागची गवताची पिशवी भरली किंवा माळ्याने हँडलवर भार टाकला, की पुढची चाके उचलली जाऊन पकड सोडतात. पिशवी अर्धी भरताच रिकामी करावी. पावसाची उघडीप पाहून, पाने निथळल्यावर कापणी करावी. एका वेळी गवताच्या उंचीचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. फार वाढले असेल, तर पाते उंच ठेवून दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा कापावे.

सुरक्षितता प्रथम

पात्याला किंवा पट्ट्याला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवावी. विजेच्या यंत्राचा प्लग, तर बॅटरीच्या यंत्राची बॅटरी काढावी. पेट्रोलचे यंत्र कलते करताना टाकी जवळजवळ रिकामी असावी आणि एअर फिल्टरची बाजू वर राहावी. अन्यथा तेल फिल्टरमध्ये उतरते. हातात जाड मोजे हवेत.

आणखी एका सवयीकडे समित्यांनी लक्ष द्यावे. लिव्हर सतत दाबून हात दुखतो, म्हणून तो सुतळीने हँडलला बांधून ठेवला जातो. हात सुटताच पाते आणि चाके थांबावीत, यासाठीच ही योजना असते. सुतळी बांधली, की पाय घसरलेल्या माळ्यापासून यंत्र थांबत नाही. संकुलात मुले खेळत असतात, हेही ध्यानात घ्यावे. लिव्हर जड जात असेल, तर केबल बदलावी. सुतळी हा त्यावरचा उपाय नव्हे.

समितीने काय करावे?

यंत्र मंदावले, की नव्या खरेदीचा ठराव मांडला जातो. केबल किंवा पट्टा बदलण्याचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या मानाने अल्प असतो. गिअरबॉक्स मोडला, आवरण गंजून फुटले आणि सुटे भाग मिळेनासे झाले, तरच नव्याचा विचार करावा. मे महिन्याच्या अखेरीस फिल्टर, पाते, केबल आणि पट्टा यांची तपासणी करून घ्यावी आणि तिची नोंद एका वहीत ठेवावी. त्या वहीत माळ्यालाही तक्रार लिहिता आली पाहिजे. लिहिता येत नसेल, तर व्यवस्थापकाने त्याच्या वतीने लिहावी. यंत्रातला बदल सर्वांत आधी त्याच्याच हाताला कळतो.