पळसगावचे यशवंत घाडगे

रायगड जिल्ह्यात माणगावला तहसील कचेरीपाशी एका सैनिकाचा पुतळा आहे. हे पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्याने त्यांची सगळी तुकडी पडली. घाडगे एकटेच चौकीवर धावले. आधी हातबॉम्ब, मग टॉमीगन. पुन्हा भरायला उसंत नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून झुंजले. चौकी घेतली आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच कोसळले. वय अवघे २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह मात्र सापडलाच नाही. २०२३ मध्ये इटलीतल्या माँतोने गावाने त्यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. युद्ध साम्राज्याचे होते खरे. पण गेला तो आपल्या मातीतला माणूस. त्याची आठवण परक्या गावाने ठेवली. आपणही ठेवायला हवी.