एका वनस्पतिपत्राचे कूळ

‘प्लँट सिस्टिमॅटिक्स अँड इव्होल्यूशन’ या, वनस्पतींचे वर्गीकरण व उत्क्रांती यांनाच वाहिलेल्या नियतकालिकाचे कूळ व्हिएन्नाच्या विद्यापीठात शोधण्याचा मोह कोणासही व्हावा. माझ्या मते मात्र ते एका औषधविक्याच्या आवक-जावक दप्तरात आहे.

अलेक्झांडर स्कोफिट्झ हा गृहस्थ व्हिएन्नात वाळवलेल्या वनस्पतींच्या देवघेवीची संस्था चालवीत असे. सभासदाने आपल्या मुलखातील जादा नमुने पाठवावेत आणि मोबदल्यात दूरच्या प्रांतांतले मागून घ्यावेत, अशी तिची वहिवाट. 1851 मध्ये त्याने जे वनस्पतिविषयक साप्ताहिक काढले, त्यात लेखांच्या जोडीला कोणाकडून कोठल्या वनस्पती दाखल झाल्या याचीही फेरिस्त येई. घाईचा वाचक ती ओलांडून जाईल. मी तेथेच रेंगाळतो, कारण ज्या व्यवहारात वाळके रोपटे हेच चलन, त्यात नाव चुकले की नाणे खोटे ठरते, आणि म्हणून अचूक नामकरणाची निकड येथे शास्त्राआधी व्यवहारानेच निर्माण केली असली पाहिजे.

यावर आक्षेप असा, की त्याच वर्षी तेथे प्राणि-वनस्पती मंडळही स्थापन झाले, तेव्हा श्रेय त्या विद्वत्तेच्या वातावरणास द्यावे. पण मंडळाने आपले कार्यवृत्त स्वतंत्रच काढले. मग हे निराळे पत्र तगले कशावर? देवघेवीवर, असे माझे अनुमान.

1858 मध्ये साप्ताहिकाचे नाव बदलले, 1974 मध्ये सध्याचे आले. उत्क्रांती मात्र त्याच्या पुष्कळ आधी आत शिरली होती. 1889 मध्ये संपादक झालेले रिखार्ड वेटश्टाइन यांनी पुढे युफ्रेशिया या वनस्पतिप्रजातीवरील 1896 च्या ग्रंथात व 1898 च्या पद्धतिविवेचनात निकटवर्ती जातींच्या भौगोलिक सीमा ताडून त्यांचे नाते ठरविण्याचा मार्ग घालून दिला. कुरणांत एकाच वंशाची एक शाखा कापणीपूर्वी व दुसरी नंतर फुलते, त्या भेदाचा संबंधही त्यांनी गवताच्या कापणीशीच जोडला. असे विवेचन दोन-चार नमुन्यांवर उभे राहत नाही. त्याला ठिकठिकाणचे, स्थळ व तारीख लिहिलेल्या चिठ्ठ्यांसह जमवलेले नमुने लागतात, आणि त्या संचयाची सवय तेथील मंडळींना स्कोफिट्झच्या संस्थेनेच लावली, असे मी समजतो.

ही दृष्टी वेटश्टाइनांना त्यांचे सासरे आंटोन केर्नर यांच्याकडून लाभली, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. पण 1881 पासून केर्नरांनी चालविले काय? ऑस्ट्रिया-हंगेरीच्या वनस्पतींचे, छापील चिठ्ठ्या लावलेले, वाळक्या नमुन्यांचे संच वाटण्याचेच काम!