क्षयरोगनिदानाच्या जलद पद्धती आणि त्यांचे मूल्यमापन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

रोगनिदानाच्या इतिहासात जलदपणा हा नेहमीच गुण मानला गेला आहे. रोगी ताटकळत असतो, डॉक्टरांना उपचार सुरू करावयाचे असतात आणि संसर्गजन्य रोगात विलंबाचा प्रत्येक दिवस इतरांना धोक्यात टाकतो. परंतु चाचणी जलद आहे म्हणून ती विश्वसनीय ठरत नाही. ती कोणत्या निकषावर पारखली गेली आणि पारखण्यापूर्वीच ती बाजारात कशी पोहोचली, हे प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात. क्षयरोगाच्या रक्तचाचण्यांचा भारतातील इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

थुंकीकडून रक्ताकडे

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जिवाणूचा शोध जाहीर केला. पाठोपाठ झील व नील्सन यांनी सुधारलेली रंजनपद्धती प्रचारात आली. थुंकीचा पातळ थर काचपट्टीवर पसरून तो लाल रंगाने रंगवायचा आणि आम्लाने धुवायचा. इतर जिवाणूंचा रंग उतरतो, क्षयाचा जिवाणू मात्र लालच राहतो. ही पद्धत स्वस्त आहे आणि त्याच दिवशी उत्तर देते. तिची उणीव अशी की, एक मिलिलिटर थुंकीत सुमारे पाच ते दहा हजार जिवाणू असल्याशिवाय ते सूक्ष्मदर्शकाखाली सहसा सापडत नाहीत. जिवाणूंचे संवर्धन याहून कितीतरी सूक्ष्म असते, पण क्षयाचा जिवाणू इतका सावकाश वाढतो की घन माध्यमावरील निर्णयाला सहा ते आठ आठवडे लागू शकतात.

या कोंडीतून रक्तपरीक्षेची कल्पना पुढे आली. पॅरिसमध्ये फर्नांद विडाल यांनी १८९६ मध्ये विषमज्वराची चाचणी मांडली होती. त्याच तत्त्वावर १८९८ मध्ये आर्लोआं यांनी क्षयासाठी प्रयत्न केला. जिवाणू शोधण्याऐवजी त्याच्याविरुद्ध शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे शोधायची, हा त्यामागील विचार होता. क्षयाच्या बाबतीत तो फसवा ठरला. भारतासारख्या देशात असंख्य निरोगी माणसांच्या शरीरात क्षयाचा जिवाणू सुप्तावस्थेत असतो. शिवाय बीसीजी लस आणि परिसरातील निरुपद्रवी सजातीय जिवाणू यांचाही परिणाम रक्तातील प्रतिपिंडांवर होऊ शकतो.

बाजारपेठ आणि पडताळणी

तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अशा चाचण्यांचे तयार संच भारताच्या खाजगी वैद्यक क्षेत्रात सर्रास वापरले जाऊ लागले. सरकारी क्षयरोग कार्यक्रम थुंकी तपासणीवर आधारलेला होता; त्याने या चाचण्या स्वीकारल्या नाहीत. खाजगी क्षेत्रात मात्र एका अंदाजानुसार वर्षाला सुमारे पंधरा लाख चाचण्या होत. रक्त काढणे सोपे, थुंकी गोळा करणे किळसवाणे, आणि छापील अहवालाला रुग्णाच्या लेखी वजन, ही कारणे होतीच. त्याहून मोठे कारण पैशाचे होते : उत्पादक, प्रयोगशाळा आणि चाचणी लिहून देणारा डॉक्टर या तिघांनाही तीत लाभ होता. त्या काळी एचआयव्ही, कावीळ ब व क आणि रक्तगट यांच्या संचांपुरतीच कडक पूर्वतपासणी बंधनकारक असल्याने क्षयाच्या संचांना आडकाठी अशी नव्हतीच.

या चाचण्यांचे पद्धतशीर मूल्यमापन उशिरा झाले. जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न उष्णकटिबंधीय रोग संशोधन कार्यक्रमाने २००८ मध्ये बाजारातील १९ जलद चाचण्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांची संवेदनशीलता १ ते ६० टक्के, तर विशिष्टता ५३ ते ९९ टक्के आढळली. या आकड्यांचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. खोकल्याच्या शंभर रुग्णांपैकी दहांना क्षय आहे असे धरू. संवेदनशीलता ६० आणि विशिष्टता ८० टक्के असलेली चाचणी दहांपैकी सहा रुग्ण ओळखेल, चार सोडून देईल आणि अठरा निरोगी माणसांवर क्षयाचा शिक्का मारेल. निसटलेले चौघे संसर्ग पसरवत राहतात. अठरा जणांना कित्येक महिने विनाकारण औषधे घ्यावी लागतात. स्त्री असेल तर विवाह व संसार यांवरही त्याची छाया पडते.

जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९४ अभ्यासांच्या आधारे सक्रिय क्षयाच्या निदानासाठी या चाचण्या वापरू नयेत असे स्पष्ट बजावले. क्षयरोगाच्या क्षेत्रात प्रचलित पद्धतीविरुद्ध असा उघड नकारात्मक निर्णय संघटनेने प्रथमच दिला. जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांची आयात, निर्मिती, विक्री आणि वापर यांवर बंदी घातली.

रेण्वीय चाचण्या

याच सुमारास दुसऱ्या जातीची जलद चाचणी पुढे आली. 'एक्सपर्ट' ही चाचणी जिवाणूचा जनुकीय अंश थुंकीतच शोधते आणि सुमारे दोन तासांत रिफाम्पिसिन या औषधाला होणारा प्रतिरोधही सांगते. मुंबईसह लिमा, बाकू, केपटाउन आणि डर्बन येथील १,७३० रुग्णांवर ती संवर्धनाच्या कसोटीवर पारखली गेली. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. थुंकी तपासणीत जिवाणू दिसलेल्यांपैकी ९८.२ टक्के आणि न दिसलेल्यांपैकी ७२.५ टक्के रुग्ण एकाच चाचणीत ओळखले गेले, विशिष्टता ९९.२ टक्के होती. येथे पडताळणी आधी आली आणि प्रसार नंतर.

मात्र अचूकता म्हणजे उपयुक्तता नव्हे. आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 'एक्सपर्ट'मुळे त्याच दिवशी उपचार सुरू होण्याचे प्रमाण वाढले, परंतु रुग्णांच्या आजारपणात फरक पडला नाही. कारण तेथील डॉक्टर लक्षणांवरूनही उपचार सुरू करीतच होते. भारतात यंत्राला अखंड वीज आणि वातानुकूलन कोठून आणायचे, हा प्रश्न तालुका पातळीवर उरलाच. गोव्यातील मोल्बायो कंपनीच्या, बॅटरीवर चालणाऱ्या 'ट्रूनॅट' चाचणीला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, ती या पार्श्वभूमीवर.

क्षयाच्या रक्तचाचण्यांवर कायद्याने बंदी आली. त्यांची थोरली बहीण असलेल्या विडाल चाचणीवर मात्र नाही. रक्ताच्या एकाच नमुन्यावरून तिने विषमज्वराचे निदान करणे अविश्वसनीय असल्याचे वैद्यकशास्त्राला माहीत असूनही, ताप आलेल्या रुग्णाच्या हाती तिचा अहवाल आजही पडतो.